घरी सिस्टर ठेवताय? आधी कागद बघा, मग सुई हातात द्या

सकाळी सव्वाअकराला वॉर्डातल्या फोनवर शेजारणीचा फोन आला. "वहिनी, आई नीट बोलत नाहीयेत. घामाने गाऊन भिजलाय." मी रुग्णालयात नर्स, परळला मॉर्निंग ड्युटीवर होते, घर लालबागला. साखर बघा म्हटलं. ग्लुकोमीटरवर ३८ आली. सासूबाई डोळे उघडत होत्या, गिळत होत्या, म्हणून साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजायला सांगितलं आणि ॲप्रन न काढता पळत सुटले. त्या वाचल्या. पुढे तीन वर्षं जगल्या.

झालं होतं ते असं. त्यांचं इन्सुलिन पेनमधून द्यायचं. पेन अडकलं. घरी नर्स आणि अटेंडंट पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेल्या मुलीने पेनची काडतूस काढली, घरात पडलेली लाल टोपणाची सिरिंज घेतली आणि तिच्यावरच्या १०च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढलं. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी असते. पेनच्या काडतुसात एका मिलीलीटरला १०० युनिट असतात. म्हणजे सिरिंजवर १० दिसत होते, अंगात २५ गेले. अडीचपट.

ती मुलगी प्रेमळ होती. सासूबाईंची वेणी घालायची, त्यांच्याशी पत्ते खेळायची. पण तिला इन्सुलिन कुणी शिकवलंच नव्हतं. ब्युरोने तिला "सिस्टर" म्हणून पाठवलं, आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणू लागलो, आणि रोज तीस-पस्तीस पेशंटचा वॉर्ड चालवणाऱ्या मी तिच्याकडे नोंदणीचा कागद मागितला नाही. ही चूक माझी. आता मी निवृत्त आहे. इमारतीत, नात्यात, ओळखीच्या ओळखीत कुणाचं माणूस हॉस्पिटलमधून घरी यायचं असलं की मला फोन येतो. प्रत्येकाला तेच तेच सांगत आले, ते आता एकदा लिहून काढते.

पहिलं काम पेशंट घरी यायच्या आधीचं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरपाशी बसा आणि त्या चोवीस तासांत तुमच्या माणसाचं काय काय करतात ते सगळं वहीत उतरवा. आंघोळ, तोंड धुणं, डायपर, दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवणं, चालवणं हे एका बाजूला. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी बदलणं, लघवीची नळी, सक्शन म्हणजे घशातला कफ यंत्राने ओढणं, खोल जखमेचं ड्रेसिंग, ट्रॅकिओस्टॉमीची म्हणजे श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राची निगा हे दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूसाठी चांगली अटेंडंट पुरते, आणि चांगली अटेंडंट मिळणं हे भाग्य असतं. तिला कमी लेखू नका. बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ न देणं हे बहुतेक वेळा तिच्याच हातात असतं. दुसऱ्या बाजूला एकही गोष्ट असेल, तर नोंदणी असलेली नर्स लागते. रोज बारा तास लागेलच असं नाही. पुष्कळ घरांना दिवसभर अटेंडंट आणि ठरलेल्या वेळी तासभर येणारी नर्स एवढ्यावर भागतं. पैसेही वाचतात आणि काम योग्य हातात राहतं.

आता नोंदणी म्हणजे काय ते सांगते, कारण ब्युरोवाले "अनुभवी आहे हो, दहा वर्षं करतेय" एवढ्यावर निभावून नेतात. आपल्याकडे परिचर्येची नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ या कायद्याखाली होते आणि ती महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. परिषदेचं कार्यालय मुंबईतच आहे. देशपातळीवर १९४७चा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा होता. त्याच्या जागी आणण्यासाठी २०२३ साली संसदेने परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. तुमच्या उपयोगाचं एवढंच: दोन वर्षांचा एएनएम (सहायक नर्स आणि प्रसूतिसेविका), तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग आणि प्रसूतिविद्या) किंवा चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग झालं की परिषद नोंदणी क्रमांक देते, आणि दर पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. केरळात किंवा दुसऱ्या राज्यात शिकलेल्या मुलीलाही इथे काम करायचं तर इथल्या परिषदेकडे नोंद लागते. रुग्णसहायकाचा काही महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी या नोंदवहीत नसते. तिचं सर्टिफिकेट फ्रेम केलेलं असलं तरी नसते.

म्हणून ब्युरोला फोन करताना "सिस्टर पाहिजे" म्हणू नका. "जीएनएम पाहिजे, नोंदणी चालू असलेली" असं म्हणा. ती आली की नोंदणीपत्र बघा, नूतनीकरणाची तारीख बघा, आधार कार्डावरचं नाव जुळतं का बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ब्युरोकडून त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या: अमुक व्यक्ती नर्स म्हणून पाठवली आहे की अटेंडंट म्हणून. हे एक वाक्य लिहायला जो ब्युरो टाळाटाळ करेल, त्याला तिथेच नमस्कार करा. आणि बदली आली की हे सगळं पुन्हा. रविवारी बदली येते, आपण गाफील असतो, आणि नेमकं रविवारीच काहीतरी होतं.

कागद मागताना आपल्या लोकांना फार संकोच वाटतो. "बिचारी एवढ्या लांबून आलीय, आल्या आल्या कागद कसा मागायचा?" खरी नर्स चिडत नाही. मी स्वतः चिडले नसते. एवढ्या परीक्षा देऊन मिळवलेला क्रमांक आहे तो.

हे नुसतं कागदी नाही हे पटावं म्हणून एक खटला सांगते. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात निकाल दिला. दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात टायफॉइडसाठी दाखल केलेलं लहान मूल. नर्सने वडिलांना इंजेक्शन आणायला सांगितलं. त्यांनी बाजारातून आणून दिलं, तिने ते शिरेतून दिलं, आणि मूल आईच्या मांडीवरच कोसळलं. मेंदूला कायमची इजा झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने नोंदवलं की ती बाई पात्र नर्स नव्हती आणि कुठल्याही राज्याच्या परिषदेकडे तिची नोंद नव्हती. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना वेगळे पाच लाख रुपये भरपाई रुग्णालयाला द्यावी लागली. पैसे मिळाले म्हणून मूल पहिल्यासारखं झालं नाही. मी नव्या मुलींना शिकवताना हा खटला दर वेळी सांगायचे आणि दर वेळी "आईच्या मांडीवर" इथे माझा आवाज अडायचा.

आता दुसरा कागद, डॉक्टरांची ऑर्डर. नर्स स्वतःच्या मनाने औषध सुरू करू शकत नाही, डोस वाढवू शकत नाही, बंद करू शकत नाही. तिला येत नाही म्हणून नव्हे, तो अधिकार डॉक्टरांचा आहे म्हणून. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा गोळ्यांची यादी असते, आणि "कंटिन्यू सेम" असं काहीतरी खरडलेलं असतं. त्यावर घरात इंजेक्शन चालत नाही. डॉक्टरांकडून वेगळी ऑर्डर लिहून घ्या: औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचं नव्हे तर मूळ नाव, वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, किती, कुठून द्यायचं, किती वाजता, किती दिवस, आणि खाली सही, तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. "गरज पडल्यास" असं लिहिलं असेल तर विचारा, गरज म्हणजे नेमकं काय? ताप किती? दुखणं किती? चोवीस तासांत जास्तीत जास्त किती वेळा? हे प्रश्न तुम्ही विचारले नाहीत तर रात्री दोन वाजता नर्सला तुम्हाला विचारावे लागतात, आणि तेव्हा दोघांपाशीही उत्तर नसतं.

व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर चालते का, हे हल्ली सगळेच विचारतात. २५ मार्च २०२०ला टेलिमेडिसिनचे नियम आले, तेव्हापासून डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर बघून औषध लिहून देऊ शकतात. पण लिहून. नाव, क्रमांक, सहीसकट चिठ्ठीचा फोटो पाठवा म्हणावं. "ते कालचं परत द्या" हा व्हॉइस मेसेज म्हणजे ऑर्डर नव्हे. शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं तर अशी दुरून लिहून देताच येत नाहीत. अगदी आणीबाणीत तोंडी ऑर्डर घ्यावी लागलीच, तर नर्सने ती मोठ्याने परत म्हणून दाखवायची, वेळेसकट वहीत लिहायची आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत त्यावर सही घ्यायची. ती परत म्हणते तेव्हा तिला घाई करू नका. पंधरा आणि पन्नास फोनवर सारखे ऐकू येतात.

घरी नर्स "नाही" म्हणते, तिथे भांडणं होतात. काळाचौकीच्या एका घरी मला भांडण मिटवायला बोलावलं होतं. वडिलांना छातीत जंतुसंसर्ग, डॉक्टरांनी शिरेतून देण्याचं अँटिबायोटिक लिहिलेलं, मुलगा केमिस्टकडून घेऊन आला, आणि नर्स पहिला डोस द्यायला तयार नाही. मुलगा म्हणाला, "आम्ही एवढे पैसे कशाला देतोय मग?" मी त्याला म्हटलं, बाळा, ती बरोबर आहे. पहिल्या डोसला कुणाला रिॲक्शन येईल ते आधी सांगता येत नाही. श्वास घोटला, ब्लडप्रेशर कोसळलं तर काही मिनिटांत ॲड्रेनॅलिन, ऑक्सिजन आणि हात लावायला डॉक्टर हवा. तुमच्या इमारतीची लिफ्ट एवढुशी, स्ट्रेचर मावत नाही, माणसाला चार जिने उचलून उतरवावं लागणार. पहिला डोस हॉस्पिटलच्या डे केअरमध्ये घ्या, तिथे थांबवतील तेवढा वेळ थांबा, पुढचे डोस घरी. तो ऐकला. त्या दिवशी टॅक्सीने जाऊन आले. नर्स दुसऱ्या दिवसापासून रोज वेळेवर आली आणि सातही दिवसांचं नीट पार पडलं.

रिॲक्शन आली तर काय करायचं हे मात्र कोर्स घरी सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्याच पानावर ॲलर्जी लाल शाईने, १०८ नंबर, जवळच्या रुग्णालयाचं नाव आणि तुमच्या इमारतीत अँब्युलन्स कुठपर्यंत येते ते. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागला आमच्या गल्लीत गाडी आत येत नाही. माणूस भारतमाता सिनेमाच्या बाजूला उचलून न्यावं लागतं. तुमच्याकडे असं काही असेल तर तेही त्याच पानावर हवं.

वहीबद्दल बोलतेच आता. दोनशे पानी फुलस्केप घ्या. सुटे कागद नकोत. माझ्या मते घरातल्या परिचर्येत या वहीइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही, पलंगही नाही. प्रत्येक नोंदीला वेळ, चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे, १४.०० म्हटलं की दुपार की पहाट हा घोळ राहत नाही. काय दिलं, किती दिलं, कुठून दिलं, कुणी दिलं, सही. तपासलेली साखर, ब्लडप्रेशर, ताप. तोंडाने किती गेलं आणि लघवी किती झाली, तेही अंदाजाने नको, मापाच्या भांड्याने. "पेशंट बरा आहे" ही नोंद नव्हे. "१६.३०, अर्धी वाटी पेज घेतली, दोनदा ठसका लागला, भरवणं थांबवलं, मुलीला कळवलं" ही नोंद. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करायची. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. आणि दिलेलं लिहायचं, द्यायच्या आधी लिहून ठेवायचं नाही. वॉर्डात मी या एका गोष्टीवरून मुलींना रागवायचे. रात्री आठच्या गोळ्या साडेसातलाच लिहून मोकळ्या, आणि आठ वाजता पेशंटला उलटी, गोळी पोटात गेलीच नाही.

सकाळी आणि संध्याकाळी माणूस बदलतं तेव्हा दोघींनी पेशंटजवळ उभं राहून, वही हातात घेऊन एकमेकींना ओव्हर द्यायचा, म्हणजे पेशंटचं सगळं सांगून काम सोपवायचं. दारात चप्पल घालता घालता नाही. तुमच्यापैकी एकाने तिथे उभं राहावं. दोन मिनिटं लागतात. इन्सुलिन दिलं की नाही हा प्रश्न याच दोन मिनिटांत सुटतो, आणि इथे सुटला नाही तर दोनदा दिलं जातं.

इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर: बाटली असेल तर बाटलीवर ४० लिहिलंय ना बघा आणि सिरिंज लाल टोपणाचीच वापरा. १००ची बाटली असेल तर नारिंगी टोपणाची. पेन असेल तर पेनच, आणि सुट्टं दुसरं पेन घरात असू द्या. पेनच्या काडतुसात सिरिंज कधीही घालायची नाही. घरच्या माणसाने शिकून घेतलं तर आपल्या माणसाला इन्सुलिन दिलेलं चालतं. कितीतरी नवरे बायकांना देतात. फक्त ते हॉस्पिटलमधल्या नर्ससमोर दोन-तीनदा स्वतःच्या हाताने करून दाखवा, मग घरी सुरू करा.

केमिस्टकडून आणतानाही कायदा मधे येतो आणि लोकांना वैताग वाटतो. १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच१मधली औषधं, म्हणजे बरीचशी तगडी अँटिबायोटिक्स, झोपेच्या काही गोळ्या, देताना केमिस्टला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. नर्सला "तुमच्या ओळखीने आणा ना" म्हणून तिला अडचणीत घालू नका. मूळ चिठ्ठी घेऊन स्वतः जा.

मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाचं वेगळं सांगायला हवं, कारण त्याची भीती फार आहे. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला वेदनेत ठेवणं हे मला कुठल्याही चुकीच्या इंजेक्शनइतकंच वाईट वाटतं. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर मान्यताप्राप्त संस्थांमधून मॉर्फिन मिळणं सोपं झालं. परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाचा पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारा, विभाग घरी जाऊनही पेशंट बघतो. वांद्र्याला १९८६पासून शांती आवेदना सदन आहे, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी. घरात मॉर्फिनच्या गोळ्या असतील तर कुलपात ठेवा, किल्ली एकाकडेच, आणि वहीत वेगळं पान: किती आणल्या, किती दिल्या, किती उरल्या. दर ओव्हरला मोजायच्या. नर्सने मोजायला सांगितलं तर तो तुमच्यावर अविश्वास नाही. वॉर्डात आम्हीही ड्युटी बदलताना दोघी मिळून मोजायचो.

संमतीचं थोडं अवघड आहे. आपल्याकडे मुलगा सही करतो, आई पलंगावर असते. पण शुद्धीवर असलेल्या, समजणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीराचा निर्णय त्याचा स्वतःचा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात हे अगदी स्पष्ट केलं, की एका तपासणीला दिलेली संमती म्हणजे पुढच्या शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे, आणि पेशंट समजण्याच्या स्थितीत असेल तर नातेवाइकाची सही पुरत नाही. हेच रोजच्या साध्या गोष्टींनाही लावा. आजी नळीतून जेवण नको म्हणतात, हात ढकलतात. नर्सने जबरदस्ती करावी अशी अपेक्षा ठेवू नका. तिने थांबायचं, लिहायचं, डॉक्टरांना कळवायचं.

आणि "आईला कॅन्सर आहे हे सांगू नका हं सिस्टर." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. त्यामागे माया असते हे मला कळतं. पण दिवस मावळल्यावर, तुम्ही सगळे झोपल्यावर, आई त्या नर्सला विचारते. "खरं सांग ग, मला काय झालंय?" निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे, नर्सचं नाही, पण तिला खोटं बोलायलाही लावू नका. आधीच डॉक्टरांसोबत बसून ठरवा, आईला किती जाणून घ्यायचंय ते आईलाच विचारा. नर्सला एवढंच म्हणू द्या: "आजी, उद्या डॉक्टरांना विचारू, मी तुमच्याजवळ बसते." माझ्या पाहण्यात, आजींना बहुतेक वेळा आधीच माहीत असतं.

हात बांधू नका. रात्री भ्रम झालेला म्हातारा माणूस सलाईन उपसतो, पलंगावरून उतरतो, मग कुणीतरी ओढणीने मनगट पलंगाला बांधतं. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ यात मनोरुग्णालयांसाठी लिहिलं आहे की बंधन हे तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच घालायचं, जबाबदार मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. जिथे आजार सगळ्यात तीव्र तिथे कायदा एवढा जपतो, तर आपल्या घरात त्याहून कमी का जपावं? दिवा मंद चालू ठेवा, चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, लघवी तुंबलीय का बघा, ताप बघा, पलंग खाली करा, जवळ बसा. अचानक आलेला भ्रम हे बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्याचं लक्षण असतं. डॉक्टरांना त्याच रात्री फोन करा.

सुया. आमच्या इमारतीत कचरा गोळा करणाऱ्या ताईच्या तळहातात कुणाच्या तरी घरातली इन्सुलिनची सुई घुसली. काळ्या पिशवीत, केळीच्या सालीखाली होती. पुढे किती आठवडे ती रक्ततपासणीच्या चकरा मारत होती. हॉस्पिटलमध्ये सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात जातात, हा २०१६चा जैववैद्यकीय कचऱ्याचा नियम. घरातल्या वापरलेल्या सुया त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा ठरल्या. ओल्या-सुक्यात टाकायच्या नाहीतच. फ्लोअर क्लीनरची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, टोपण परत न लावता सुई सिरिंजसकट आत टाका, पाऊण भरली की झाकण घट्ट, वर ठळक अक्षरांत "सुया". मुंबई महापालिकेने २०२५मध्ये डायपर, सॅनिटरी पॅड, जुनी औषधं, सुया असा कचरा वेगळा उचलण्याची सोय सुरू केली आहे. सोसायटीने नाव नोंदवलंय का सेक्रेटरींना विचारा. नसेल तर नर्स किंवा लॅबवाला ती बाटली त्यांच्या संस्थेत जमा करील का, हे ठेवतानाच ठरवा.

घरी येणाऱ्या बाईचंही सांगते. बारा तासांच्या ड्युटीत तिला जेवायला वीस मिनिटं, बसायला खुर्ची, वापरायला संडास आणि कपडे बदलायला कडी असलेली जागा द्या. रात्रपाळीनंतर तिलाच दिवसपाळी करायला लावू नका; चोवीस तास जागं राहिलेल्या हाताने इंजेक्शन देऊ नये. भांडी आणि पोळ्या हे तिचं काम नाही. आणि कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात घर हीसुद्धा कामाची जागा धरली आहे. घरातल्या कुणाच्या वागण्याबद्दल ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. हे घरातल्या पुरुषांना माहीत असलेलं बरं. तिच्याकडून उलट अपेक्षा एकच: पेशंटचे फोटो, व्हिडिओ, आजाराचं नाव घराबाहेर जाता कामा नये. पहिल्याच दिवशी सांगा, आणि तुम्हीही फॅमिली ग्रुपवर आजीचा नळ्यांसकट फोटो टाकू नका.

शेवटी, माणूस घरीच जातं तेव्हाचं. नर्स नाडी बघेल, श्वास बघेल, तुमच्याकडे बघेल. तुम्ही विचाराल, "गेले का?" ती "डॉक्टरांना बोलवा" म्हणेल. तिला कळलेलं असतं. पण मृत्यू घोषित करणं आणि त्याचं कारण लिहून देणं हे नोंदणीकृत डॉक्टरच करू शकतात. घरी झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टर फॉर्म ४ए भरतात. त्या दाखल्याशिवाय स्मशानात अडतं. म्हणून घरीच राहायचं ठरलं असेल तर आपल्या फॅमिली डॉक्टरांना आधीच विचारा: रात्री दोनला फोन केला तर याल का, दाखला द्याल का? त्यांनी अलीकडे पेशंटला तपासलेलं असावं, म्हणून त्यांना मधूनमधून बोलावत राहा. हो म्हणाले तर त्यांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर. नाही म्हणाले तर दुसरे डॉक्टर आत्ताच शोधा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, महापालिकेच्या वॉर्डात.

तेरा दिवस झाले की औषधांचा डबा उघडा. मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या मोजा, वहीतल्या आकड्याशी जुळवा आणि ज्या रुग्णालयातून आणल्या तिथेच परत नेऊन द्या. शेजारच्या काकांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना देऊ नका. परत केल्याचं लिहून घ्या आणि तो कागद वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवा.